एक दाढी बाकी

फेरागोस्तोच्या आदल्या दिवशी, पहाटे,
दारात कलिंगड असतंच.
कोण ठेवून जातं ते कुणी विचारत नाही.
मी उत्तरेकडच्या धुक्यातली सून, पहिल्या वर्षी विचारलं,
तर सासूबाईंनी मला लसूण सोलायला बसवलं.

दोन भाऊ, मधे एक विहीर,
आणि विहिरीवरून अकरा वर्षांपूर्वी निघालेले काही शब्द,
जे तेव्हाच पाण्यात पडले असते तर बरं झालं असतं.
धाकटे कातालदो मळा करतात.
थोरले दोनातो, माझे सासरे, चाळीस वर्षं न्हावी;
अर्ध्या गावाचे गळे त्यांच्या वस्तऱ्याखालून
सुखरूप गेलेत.
आता दुकानाला कुलूप. हात वर्षातून एकदाच चालतो,
सणाच्या टेबलासाठी, कलिंगडावर.

मी परात धरून उभी असते.
आधी ते फळ ओल्या फडक्याने पुसतात, कानामागेसुद्धा.
कलिंगडाला कान नसतात, असं मी एकदा बोलून बसले होते.
बुडाचा एक काप काढतात, म्हणजे बैठक डळमळत नाही.
मग हिरवी साल, कागदासारखी, लांबच्या लांब,
गालावरचा फेस निपटावा तशी.
खाली पांढरं. त्याखाली फिकट गुलाबी. मग लाल.
"रंग आत आहेतच," ते म्हणतात,
"आपण फक्त किती खोल जायचं ते ठरवायचं."
मधोमध एक गोल, पेल्याच्या तोंडाएवढा,
त्याच्या कडेने तिरकी सुरी, एक पाकळी,
तिच्या मागचा गर काढून टाकायचा,
पाकळीला स्वतःची सावली मिळेपर्यंत.
गर माझ्या परातीत.
बराचसा.

यंदा पुसता पुसता फडकं अडकलं.
सालीवर अक्षरं होती.
कोरलेली नव्हेत, वाढलेली.
फळ लिंबाएवढं असताना कुणीतरी नखाने ओरखडलं असणार;
मग कलिंगड फुगत गेलं, जखम रुंदावत गेली,
खपली धरली, तपकिरी झाली, खडबडीत,
वीतभर लांब:
एक दाढी बाकी.

सासरे वाचत राहिले.
तीन शब्दांना एवढा वेळ लागत नाही.
मग म्हणाले, "शाळेपासून याचं अक्षर असंच. कोंबडीचे पाय."
आणि नाक पुसायला विहिरीकडे पाठ करून उभे राहिले.
मी मनात हिशेब मांडला:
दीड महिना हा माणूस
त्याच विहिरीचं पाणी
एका वाक्याला घालत होता.

दुसऱ्या दिवशी अंजिराखाली टेबल, सव्वीस माणसं,
सत्ताविसावी खुर्ची कुणी मांडली ते मला ठाऊक नाही.
मधोमध कलिंगड. एका अंगाला गुलाब उमललेला,
दुसरं अंग हिरवंच ठेवलेलं,
अक्षरांभोवती पानांची वेल, अक्षरांना सुरी लागलेली नाही.
सगळ्यांनी फोटो काढले. सगळ्यांनी वाचलं.
कुणी काही बोललं नाही, फक्त
पाव जरा जास्तच पुढे सरकवले गेले.
"कापवत नाही गं," आत्या कोंचेत्ता म्हणाली,
गांधीलमाश्यांना असला संकोच नव्हता,
आणि सावेरियोला, वय वर्षं चार, तोही नव्हता:
त्याने मधली पाकळी उपटून तोंडात घातली.
मग झुंबड.
बिया थुंकण्याची शर्यत पाद्रीबाबांनी जिंकली,
दरवर्षी तेच जिंकतात, आणि दरवर्षी नको नको म्हणतात.

खुर्ची रिकामीच उठली.

संध्याकाळी मी टरफलं कोंबड्यांना घालायला निघाले.
"ती नको," सासरे म्हणाले.
अक्षरांची साल त्यांनी धुतली,
खिडकीत उभी केली, तोंड रस्त्याकडे.
मग फडताळातून चामड्याचा पट्टा काढला
आणि वस्तरा, मागे-पुढे, मागे-पुढे,
सबंध गल्लीला ऐकू जाईल असा.
"पाणी तापत ठेव."
"एवढ्या उकाड्यात?"
"दाढीला ऋतू नसतो."

मी गॅस पेटवला.
रस्त्यावर अजून कुणी नव्हतं.
खिडकीतली साल उष्म्याने हळूहळू आक्रसत होती,
अक्षरं तिच्याबरोबर,
नखाएवढी व्हायला निघालेली.