तीन इंच

पुण्याच्या दुकानदारानं अडतीस हजार सांगितले,
फिटिंग वेगळं.
फोन कानाला तसाच धरून
मी उद्यमनगरच्या गल्लीत उभा,
खिशात भिशीचे अकरा,
आणि समोर बशीर शिकलगार
पिकअपखाली आडवा, नुसते पाय बाहेर.

आतनंच बोलला,
"हिचं पोट बघितलंस का?
खरवडून खरवडून चांदीचं झालंय."

ते मला ठाऊक होतं.
गगनबावड्याच्या अलीकडं डांबर संपतं,
तिथनं धनगरवाड्यापर्यंत साडेतीन किलोमीटर,
आणि त्यात एक दगड,
बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा, वाटेच्या मधोमध.
रोज पहाटे चेंबरला टक्कर.
रोज मी शिवी देतो,
रोज तो ऐकून घेतो.

"उंच करूया," बशीर म्हणाला,
चहा घेऊया म्हणावं तसं.

फाउंड्रीबाहेर नाकारलेल्या मालाचा ढीग होता,
मी एक तुकडा उचलला, फुकटात जमेल म्हणून.
"बीड नको. बीड तडकतं,
न सांगता, जवळच्या माणसागत."
मग पोलादाचा तुकडा, किलोवर घेतलेला,
सातगोंडाच्या शेपरवर दुपारभर
पुढं-मागं, पुढं-मागं,
निळ्या किसाच्या वेटोळ्यांत
दोन ठोकळे, तीन-तीन इंचांचे.
मागच्या पाट्यांखाली ते बसले,
लांब यू-बोल्टांनी आवळले.
पुढं ठोकळा लावायचा नसतो म्हणे,
तिथं भंगारातल्या जीपचा एकेक पाटा वाढवला.

गाडी जॅकवरून उतरली
तेव्हा ब्रेकची नळी ताणलेली,
ओरडणाऱ्या माणसाच्या मानेवरची शीर जशी.
मी म्हटलं, "चालंल की."
बशीरनं हात पुसले.
"इथं काटकसर करायची तर
गाडी दुसरीकडं ने."
साडेचारशे.

टायर शिरोली नाक्यावरनं, वापरलेले,
बशीरनं नखानं रबर दाबून निवडलेले.
पाचवा जरा टकला, तो स्टेपनीला.
डावीकडं पूर्ण वळवलं की चाक घासायचं,
मडगार्डची कड ग्राइंडरनं उडवली.
चाकं सरळ आहेत का, ते दोऱ्यानं बघितलं,
एक डोळा मिटून,
सुईत ओवतात तसं.

दुसऱ्या दिवशी पहाटे
दगडावरनं गेलो, आवाज नाही.
पुढं जाऊन थांबलो, आरशात बघितलं.
शिवी तोंडात तशीच राहिली.

वर ठकूबाई कोकरे कॅन घेऊन उभी.
चाळीस लिटर, कमरेपासनं एक हिसका
आणि कॅन फळीवर, बारा वर्षांची सवय.
त्या दिवशी कॅन फळीच्या कडेवर आदळला,
दूध तिच्या पदरावर सांडलं.
तिनं गाडीकडं खालपासनं वरपर्यंत बघितलं.
"हिनं टाचा उचलल्यात व्हय रं?"

तीन इंच.
नऊ कॅन. रोज.
हा हिशोब मी बशीरकडं मांडला नव्हता,
कुणाकडंच नाही.
उतरून मी हात लावला,
ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, उशीर व्हईल."
पण श्वास लागलेला मला ऐकू येत होता.

आठ दिवसांनी वाटेत दगड नाही.
तिच्या दोन पोरांनी पहारीनं उचकटून
ढकलत, लोळवत वर नेलेला,
गाडी थांबते तिथं, बरोब्बर मागच्या फळीशी.
त्यावर उभी राहून ठकूबाईनं
कॅन ठेवला, अलगद, झोपलेलं पोर ठेवावं तसा.

"आवो, हा आधीच काढला असता तर..."
"आधी कुणी इचारलं हुतं?"

अकरातले दोनशे वीस उरले.
मोठ्या चाकांपायी मीटरचा काटा थोडं कमी सांगतो,
चाळीस म्हणतो तेव्हा त्रेचाळीस असतात,
दूध लवकर पोचतं, त्याला पत्ता नाही.
दगडाच्या खड्ड्यात मुरूम पडलाय, दबलाय.
तरी अंधारात तिथं आलं
की माझा पाय ब्रेकवर जातो.