राजी

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर गुरुवारी फुकट सल्ला.
हीटर अर्धाच चालतो. खिडकीबाहेर स्वान्झीचा उपसागर,
राखाडी, पातळ, पेजेसारखा.
नेरिस प्रॉसर कोट न काढताच बसते
आणि सगळे जे म्हणतात तेच आधी म्हणते:
"मीच सोडली हो. मला कुणी काढलं नाही."

मी लिहून घेतो. अकरा वर्षं. इस्पितळाची लाँड्री.
चादरींच्या इस्त्रीयंत्रापाशी. मुकादम क्रॅडक.
तो "जा" असं कधीच म्हणाला नाही.
फक्त तिचं नाव घेणं बंद केलं,
शीळ घालायचा, कुत्र्याला घालतात तशी.
नवऱ्याचं डायलिसिस चालू असताना
सलग नऊ रात्रपाळ्या.
तिनं घातलेल्या घड्या सगळ्यांसमोर उलगडायचा,
कोपरा चिमटीत धरून,
मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तसा.

कायदा विचारतो, तारखा आहेत?
ती पिशवीतून विणकामाची वही काढते.
दोन सुलट, दोन उलट, आणि मध्येच:
'मंगळवार. शीळ. सहा वेळा.'
बाहीचे टाके कमी करायच्या ओळीखाली:
'लेखी तक्रार दिली. हसला.'
नातवाचा स्वेटर आणि पुरावा
एकाच पेन्सिलीनं.

कायदा विचारतो, शेवटचं काय घडलं?
भरल्या घड्यातला नेमका तो थेंब त्याला हवा असतो.
मला वाटलं, मोठं काहीतरी असेल.
ती म्हणाली, स्टूल.
पाय सुजतात म्हणून यंत्रामागे ठेवलेलं स्टूल
एका सकाळी तिथं नव्हतं.
फरशीवर चार फिकट डाग होते, चार पायांचे.
त्यांच्याकडे बघत तिनं पाळी पुरी केली
आणि घरी जाऊन एका ओळीचं पत्र लिहिलं.

अशा पत्राला राजीनामा म्हणतात.
काय निलाजरा शब्द आहे.
कोण राजी होतं?

मी सांगतो: दार उघडं ठेवून कुणी घरच पेटवलं
तर बाहेर पळालेल्याला 'स्वखुशीनं गेला' म्हणत नाहीत,
एवढं कायद्याला कळतं.
बाकी फारसं कळत नाही.
चौदा मार्चला सोडलीत. तीन महिने, त्यातून एक दिवस वजा.
तेरा जून. आज सहा.
आधी समेटाचा अर्ज, तो फसला तर न्यायाधिकरण.
तो एक दिवस का वजा, ते मला
तीस वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

जिंकलात तर पैसे, बेताचे. नोकरी बहुधा नाहीच.
माफी मागितली तरी त्या कपाटात ती ठेवलेलीच नसते.
वर्ष जाईल. तो सूट घालून येईल,
म्हणेल, मिसेस प्रॉसर यांच्याशी माझं कधीच...

"नाव घ्यावं लागेल त्याला?"

घ्यावंच लागेल. पूर्ण. नोंद होते.

ती बराच वेळ उपसागराकडे बघते.
मग कोटाचं वरचं बटण सोडते,
दुसरं सोडते,
आणि विचारते, सही पेन्सिलीनं चालेल का.