पाळी

परभणीत पहाटे साडेचारला
वसमत रोडच्या मैदानावर आम्ही सतरा पोरी.
आठशे मीटरला मला तीन मिनिटं लागायची.
भरतीचे सर म्हणाले, शिवकन्या, दहा सेकंद काढ.
काढले.
त्यासाठी आधी ताटातला भात काढला,
मग रात्रीची दुसरी चपाती,
मग दुपारची झोप.
आणखी काय काय निघून चाललंय
ते मोजायचं घड्याळ कुणाच्या गळ्यात नव्हतं.

जानेवारीत आली नाही. म्हटलं, बरंच झालं,
गोळाफेकीला कपड्यांची धास्ती नाही.
फेब्रुवारी तशीच गेली.
मार्चात नाझनीननं कॉटवरून विचारलं,
"तुझे पॅड कामून उरायलेत?"
मी रात्रभर एका पोराचं नाव शोधत बसले
जो माझ्या आयुष्यात आलेलाच नव्हता.

जिंतूर रोडच्या मेडिकलवर, ओळख नसलेल्या,
ओढणी तोंडाला बांधून किट मागितलं.
दुकानदारानं ते कागदात गुंडाळलं,
कागद काळ्या पिशवीत.
नाझनीन संडासाच्या दाराबाहेर
उगाच बादलीत नळ सोडून उभी.
कुणाचा हात लागला नव्हता या अंगाला,
तरी एक रेघ उमटून
दुसरी उमटत नाही हे कळेपर्यंत
मीच आरोपी आणि मीच शिपाई.

त्याच आठवड्यात गावाकडं कॅनॉलची पाळी चुकली.
शाळेपुढं बैठक झाली, भोंग्यावरून पुकारलं,
तहसीलला निवेदन, साहेबाला घेराव.
साहेबानं कारणं सांगितली:
धरणात साठा कमी,
वरच्या अंगाला उपसा,
चारीत गाळ, कुठं फुटलेली.
शेवटच्या टोकाच्या रानाला
कुणीच विचारलं नाही,
सांग, तू काय करून बसलीस?

सिव्हिलला केसपेपर करणारी म्हणाली,
"लग्न?"
"नाही."
"मग?"
त्या 'मग'वर मी उठून जाणार होते.
आत गव्हाणे सिस्टर होत्या. त्यांनी काट्यावर उभं केलं.
एक्केचाळीस.
"जेवतीस का?" म्हणाल्या.
एवढाच प्रश्न, आणि मला रडू आलं.
"अंगाला वाटायलं दुष्काळ पडला.
घरात चणचण आली की
आधी कुठला खर्च बंद करतो आपण?
ज्याच्यावाचून आज भागतं, तो.
थायरॉईडचं रक्त देऊन जा, हिमोग्लोबिन बघू,
सोनोग्राफीत गाठीबिठी आहेत का तेबी बघू.
डॉक्टर सांगतील पुढचं.
पण आज रात्री ती दुसरी चपाती खा,
हे मी सांगते."

मायला फोन लावला.
तिनं ऐकलं. बराच वेळ नुसता
तिकडच्या पंख्याचा खडखडाट.
मग अगदी हळू,
"माझीबी चार महिने झाले नाही आली गं.
कुणाला बोलू? घरात तू लग्नाची,
अन् मी या वयात पोट घेऊन...
पपई खाल्ली. तीळ खाल्ले.
देवीला बोलले. तुझ्या बापाकडं बघवंना."

मी त्याच मेडिकलवर गेले.
या वेळी ओढणी खांद्यावर होती.
पिशवी नको म्हटलं.

शनिवारच्या एसटीनं घरी.
मायला वाचता येतं, तरी म्हणाली, तूच बघ.
मोरीच्या कट्ट्यावर ठेवून दोघी उकिडव्या बसलो,
दूध ऊतू जायची वाट बघावी तशा.
एकच रेघ.
माय आधी हसली.
मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली,
"म्हणजे संपलं का माझं?
इतक्या वर्षांचं येणंजाणं,
असं न सांगता जातं व्हय?"

"वय झालं असंल, नाहीतर दुसरंच काही.
सोमवारी सिस्टरकडं चल. उगं आपल्या मनानं ठरवू नको."

ती उठली. चूल पेटवली.
माझ्या ताटात तिसरी भाकर टाकली,
मी नको म्हणाले नाही.
कॅनॉलला पाणी सुटलं की नाही
ते विचारायचं राहूनच गेलं.