काटा

कळंब्याहून लवू खवणेकर आला
तीस दिवसांच्या पॅरोलवर,
खिशात सात दिवसांच्या गोळ्या,
वर्तमानपत्राच्या पुडीत.
सर्जेकोटच्या उपकेंद्रात तो आत येईना.
चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा,
जणू मीही कुणी साहेब.

त्याच्याकडे दोन कागद.
एक पोलीस ठाण्याचा: दर सोमवारी हजेरी, सही, वेळ.
दुसरा क्षयाचा: चौकोन, चौकोन, चौकोन.
पहिला प्लॅस्टिकमध्ये जपलेला.
दुसऱ्यावर चहाचा डाग.

"थंय घंटा वाजली काय गोळी.
जीभ भायर काढून दाखवची.
हंय कोण इचारता?"

मी विचारलं. फॉर्मवर आहे तसं:
खोकला, रात्रीचा घाम, वजन.
आमचा वजनकाटा जूनपासून तालुक्याला, दुरुस्तीला.
"बंदरार आसा," तो म्हणाला
आणि एकदम गप्प झाला.
बंदरावरच घडलं होतं ते,
नऊ वर्षांपूर्वी, भर लिलावात,
जाळं कापायच्या सुरीने.

पुढच्या सोमवारी हजेरी देऊन तो परस्पर तिकडे गेला.
लिलाव उठला होता.
बर्फाचं पाणी, खवले, मांजरं.
आयुबने बांगड्याची टोपली उतरवली,
काटा शून्यावर आणला,
कुणाकडेच न बघता म्हणाला, "चढ."

त्रेचाळीस किलो आठशे.
मी कार्डावर लिहिलं.
शेऱ्यात: मासळीचा काटा, ओला.

घाडी हवालदारांना फोन केला,
सही घेताना एवढंच विचारा, गोळी घेतली का.
ते आमचं काम नाही, म्हणाले,
आणि खरंच नव्हतं.
तिसऱ्या सोमवारी ठाण्याच्या कागदावर
सहीशेजारी हिरव्या शाईत, बारीक:
गोळी घेतली.

चव्वेचाळीस सहाशे.
पंचेचाळीस तीनशे.
"बाई, माका भूक लागता,"
खाली बघत म्हणाला,
कबुलीजबाब द्यावा तसा.

औषध सहा महिन्यांचं,
रजा तीस दिवसांची.
शेवटच्या दिवशी मी पाकीट बांधून दिलं:
गोळ्या, कार्ड, तिथल्या डॉक्टरांना पत्र,
कृपया एकही दिवस चुकू नये.
त्याने ते हजेरीच्या प्लॅस्टिकमध्ये सरकवलं,
हजेरीचा कागद बाहेर काढून.

एसटीच्या खिडकीतून म्हणाला,
"थंयचो काटो, बाई,
माणसाक हलको दाखवता."

गाडी वळणापलीकडे गेली.
माझ्याकडच्या प्रतीवर
मी उरलेले चौकोन मोजले.
एकशे चार.