तीन ते चारची पाळी

मोड हिरवे व्हायच्या आत दळायचे,
नाहीतर सुमलक कडू होतो,
इनोबतआपा म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं.
मर्गिलानच्या या गल्लीत मी नवी सून,
इथलं माझं पहिलंच नवरोज.
फळीवरच्या गव्हाची पांढरी मुळं एकमेकांत अशी गुंतलेली
की चादरीची घडी उचलावी तशी उचलली आम्ही,
यंत्रातून तीनदा काढली, पिळली.
चीक निघाला, दुधाहून जरासा मळका.

तुतीखाली काहील चढली.
पुरुषांनी लाकडं फोडून दिली,
मग त्यांना हाकललं. पोरांना धाडलं पाटावर:
गुळगुळीत खडे आणा, अक्रोडाएवढे,
तळाशी फिरत राहिले की चीक लागत नाही.
जाहोंगीर सहा वर्षांचा. सात पाण्यांनी धुतले त्यानं,
आणि टाकण्याआधी एकेका खड्याच्या कानात
काहीतरी सांगितलं.
खड्याला कान कुठे असतो, त्याचं त्याला ठाऊक.
सतरा, त्यानं जाहीर केलं. सतरा.

पाळ्या लावल्या शोहिस्तानं, वहीत रेघा मारून.
ती शाळेत गणित शिकवते, तिच्याशी कोण भांडणार?
म्हाताऱ्यांना संध्याकाळ.
पोरींना मध्यरात्र, त्या तशाही डफ वाजवत नाचणारच होत्या.
नव्या सुनेला तीन ते चार.

तीनला डफ उशाशी घेऊन पोरी झोपल्या.
तुर्सुनोयबुवी बाकावर बसल्याबसल्या घोरत होत्या,
ऐंशी वर्षांचं ते बारीक, नियमित घोरणं.
मी हाटत होते. सराटा माझ्या छातीइतका उंच.
धूर डोळ्यांत, आणि साखरेचा कण न घालता
कुठून तरी गोडसर वास यायला लागलेला.

फोन वाजला. येकातेरिनबुर्ग.
तिथेही तीनच वाजलेले,
गोदामात पार्सलं उतरवता उतरवता
दहा मिनिटांची सुट्टी.
अजून बर्फ आहे, म्हणाला.
पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.
लग्नानंतर एकोणीस दिवसांनी गेलेल्या माणसाशी
काय बोलतात, मला कुणी शिकवलं नव्हतं.
मी फोन काहिलीवर धरला.
ऐक.

तो ऐकत राहिला. बराच वेळ.
मग म्हणाला, डावीकडचे खडे गप्प झालेत.
म्हणजे?
म्हणजे तिथे लागतंय. खालून खरवड, जोर लाव.

मी दोन्ही हातांनी सराटा तळाला रेटला.
काहीतरी सुटलं, जाड, खरपूस,
आणि मग एकेक करून
खडे पुन्हा बोलायला लागले.
हं, म्हणाला. आता बरोबर.
लहानपणी तो दरवर्षी इथेच झोपायचा म्हणे,
याच तुतीखाली, काहिलीकडे कान करून.
मला हे त्या रात्री कळलं.
सुट्टी संपली. फोन ठेवला.
करपलेलं मी कुणाला सांगितलं नाही.

उजाडता उजाडता झाकण घातलं, उजाडल्यावर काढलं.
सायीवर काय उमटलंय ते बघायला सगळे वाकले.
इनोबतआपांना उंटाची मान दिसली.
तुर्सुनोयबुवींना त्यांची पहिली गाय, शिंगासकट.
शोहिस्ता म्हणाली, वाफेचे बुडबुडे फुटलेत, दुसरं काही नाही,
आणि कुणी बघत नाहीसं पाहून पुन्हा वाकली.
मला दिसलं ते मी सांगत नाही.

मग वाट्या, बरण्या, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे,
हाकललेले पुरुष, तेही सगळ्यांत आधी.
ज्याच्या वाटीत खडा येईल त्यानं डोळे मिटून काही मागायचं,
खडा चाटूनपुसून परत द्यायचा.
दुपारपर्यंत सोळा परत आले.

एक बरणी ट्रकवाल्या रुस्तमकडे द्यायची होती, उत्तरेला जाणारी.
ती भरताना आत काहीतरी टणकन वाजलं.
मी सासूबाईंकडे पाहिलं. इनोबतआपांनी ऐकलं होतं.
त्यांनी माझ्या हातातून बरणी घेतली,
झाकण घट्ट फिरवलं,
वरून फडकं बांधलं, दोन गाठी.

जाहोंगीर अजून रिकाम्या काहिलीत डोकं घालून
मोजतोय.