डागी

सुताच्या काट्यावर पहिल्यांदा ठेवला तेव्हा
सहा किलो दोनशे.
जिथं कोन ठेवतात त्या पारड्यात
चार पंजे, अंगाला न शोभणारे,
थोरल्या भावाचे बूट घातल्यासारखे.

विजापूर रोडच्या एका बंगल्यातली ग्रेट डेनची वेत.
आठ गेली चांगल्या भावात.
हा उरला, शेपटीला गाठ म्हणून.
आमच्या कारखान्यात असल्या टॉवेलला डागी म्हणतात.
तेच नाव पडलं.

मुजावर मॅडमनी बरगड्यांवरून बोटं फिरवली.
म्हणाल्या, दिसायला नकोत,
पण हाताला लागल्या पाहिजेत, कायम.
वर्षात पन्नाशीला जाणारा जीव आहे हा,
याला घाई करू नका.
मास लवकर चढतं, हाडं मागून चालत येतात.
कॅल्शियमची पावडर नको, कुणी फुकट दिली तरी.

मला पटलं.
मागावर मीही पाहिलंय,
घाईनं विणलेला टॉवेल पहिल्या धुण्यातच सैल पडतो.

आईला नाही पटलं.
विडी घरकुलात, दारात सूप मांडीवर घेऊन
तिचं हजार भरायचं चाललेलं,
आणि समोर हा, पितळी चाटून झालेली,
पितळीची सावलीसुद्धा चाटणारा.
वाढत्या लेकराला मापानं घालतीस व्हय गं?
मी कारखान्यात गेले की
कडक भाकरी चिकनच्या पाण्यात मोडून,
वर अंडं, वर दही,
आणि कानात हळूच, तिनरा बिड्डा, तिनरा.
(शेंगाचटणी तेवढी दिली नाही.
लसूण त्याला विष आहे, एवढं तिनं ऐकलं होतं.)

चौथ्या महिन्यात तो गुबगुबीत झाला.
गल्लीनं कौतुक केलं.
पाचव्यात पुढचे पाय
कंसासारखे बाहेर वाकायला लागले,
शहाबादी फरशीवर उठताना घसरायचा,
आणि घसरला की आमच्याकडेच बघायचा,
जणू फरशी आम्हीच हलवली.

मॅडम ओरडल्या नाहीत.
कागदावर फक्त आकडे लिहिले,
सकाळी इतकं, दुपारी इतकं, रात्री इतकं.
खाल्ल्यावर तासभर पळवायचं नाही.
आई कागद उलटा धरून बसली होती.
मग म्हणाली, थोडं पोट रिकामं ठेवून उठवायचं,
एवढंच ना?
एवढंच, नरसव्वा.

रिक्षात ती बोलली नाही.
अशोक चौक गेल्यावर म्हणाली,
गिरणी बंद पडली त्या साली
ज्वारीच्या डब्यात मी एक वाटी ठेवली होती, काठ चेपलेली.
तुम्ही चौघं.
चेपलेल्या काठापर्यंतच भरायची.
तुम्ही अजून मागायचा, मी चुलीकडं तोंड फिरवायची.
त्याला कुणी डॉक्टरी म्हणालं नाही तेव्हा.

घरी येऊन तिनं माळ्यावरून
तीच वाटी काढली.

आता मी मापाचं भांडं धुऊन ठेवलंय, कुणी वापरत नाही.
तिचा हात चुकत नाही.
पंचवीस विड्यांची जुडी न मोजता बांधणारा हात,
छाट काढायला मुकादमाला जागा न देणारा.
फरशीवर दारापासून मोरीपर्यंत
आम्ही डागी टॉवेल अंथरले आहेत,
त्याला पाय रोवता यावेत म्हणून.
डागीवर डागी चालतो.
पाय सरळ होतायत. पूर्ण नाही. होतायत.

अकराव्या महिन्यात सुताचा काटा पुरेना.
कारखान्यात गाठोड्यांच्या काट्यावर चढवला,
शेंबीस किलोच्या गाठोड्याशेजारी बसला शहाण्यासारखा.
सेहेचाळीस.
गड्डम शेठ म्हणाले, एवढा मोठा, आणि असा बारीक का?
आई म्हणाली, बारीक नाही. बेतात आहे.

रात्री लाइट जाते.
चाळीसच्या वरचा उकाडा, भिंती अजून तापलेल्या.
ती अंगणात त्याच्या कुशीवर हात ठेवते
आणि अंधारात मोजते,
ओकटी, रेंडु, मूडु,
तो मध्येच आळस देतो, आकडा निसटतो,
ती परत पहिल्यापासून धरते.
तेरा भरल्या की
हात काढून घेते.