न्यू प्रभात

पाटीवर ‘न्यू’ आहे,
आणि जुनं प्रभात कुणीच पाहिलेलं नाही.
नेमगोंडाला विचारलं तर
तो गल्ल्यावरून न उठता
नदीकडं हनुवटी करतो :
“त्ये तिकडं हाय.”

हरिपुरात हळदीची पेवं उघडत,
तेव्हा माणूस उतरायच्या आधी
कंदील खाली सोडून बघत.
विझला की थांबायचं.
ज्या दिवशी विझे त्या दिवशी
हमाल इथं येऊन टेकत,
अर्ध्या चहावर दुपार काढत.
हॉटेलाची सुरुवात तीच, म्हणे :
खालची हवा निवळेपर्यंत
वर कुठंतरी बसायला हवं होतं.

बाकाच्या कडेला एक पिवळा पंजा आहे.
पुसायचा नाही असं काही ठरलेलं नाही,
पुसला जात नाही, एवढंच.

भिंतीवर पुराच्या रेघा.
सगळ्यात खालची आजोबांनी कोळशानं ओढलेली,
पाच सालची ऑइलपेंटनं,
एकोणीसची ओढायला शेजारची शिडी आणली,
ती अजून परत केलेली नाही.

दाराजवळची खुर्ची भंडारे तोलारांची.
आत येणाऱ्याचं वजन नुसत्या नजरेनं सांगत.
दहावीला मी गटांगळी खाल्ली तेव्हा म्हणाले,
“आज दोन किलो उतरलायस,”
आणि आपली भडंगाची बशी माझ्याकडं सरकवली.
खुर्ची आता रिकामी असते.
नवखा कुणी बसला तर आम्ही बसू देतो,
पण जरा बघतो.

खोतांचे दोघे भाऊ बांधावरून कोर्टात गेले,
येतात मात्र इथंच, पाठीला पाठ लावून.
पेपर एकच. पहिलं पान थोरल्याला, शेवटचं धाकट्याला.
मधलं नेमगोंडा स्वतः वाचतो,
दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पुरात उधारीची वही भिजली,
शाई फुटून गावाची नावं एकमेकांत गेली.
त्यानं ती पत्र्यावर वाळत घातली.
माणसं आपणहून आली, आकडे सांगून गेली.
धुळाप्पानं तेवढा कमी सांगितला.
नेमगोंडाला सगळं पाठ होतं; बोलला नाही.
धुळाप्पाच्या चहात साखर
अजूनही जरा कमीच पडते.

पेवं बुजली. हळद गोदामात जाते.
तरी भर दुपारी कुणीतरी येतं,
चपला न काढताच बाकावर पाय घेऊन बसतं,
अर्धा सांगतं, आणि पीत नाही.
नेमगोंडा काय झालं विचारत नाही,
फडकं खांद्यावर टाकतो,
रेडिओ बारीक करतो.